दुकानात लोण्यासारखं फिरणारं रीळ

निपाणीच्या एका पोराचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "काका, चार-पाच हजारांपर्यंत गळाच्या मासेमारीचं स्पिनिंग रीळ घ्यायचंय. शिमानो, दायवा, पेन यांत डोकं चक्रावलंय. स्मूथ पाहिजे, टिकाऊ पाहिजे आणि लाइनचा गुंता व्हायला नको. आत्ताचं रीळ दहा-बारा वेळा फेकलं की एकदा गुंतवळ करून देतंय. वेदगंगेवर आणि हिडकल धरणावर चिलापी, मरळ, कधीतरी कटला. वर्षातून दोन-तीनदा कारवार. दुकानात एक रीळ फिरवून बघितलं, लोण्यासारखं चाललंय. घेऊ काय?"

थांब जरा. पैसे खिशातच राहू देत आणि आधी हे वाच.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये माझी बावीस वर्षं गिअर आणि शाफ्टच्या मागं गेली. गळाचा नाद त्याच्याही आधीचा, खानापूरला मलप्रभेच्या काठावर लागलेला. या दोन्हींची गाठ पडल्यावर व्हायचं तेच झालं. लोक बिघडलेली रिळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी यायला लागले. काही तर नुसते सुटे भाग घेऊन येतात, "उघडलं होतं खरं, बसवायला जमेना" म्हणत. त्या टेबलावर जे बघितलं त्यावरून सांगतो. तू मागितलेल्या तीन गोष्टी एका जागेवरून येत नाहीत. स्मूथपणातला बराच भाग ग्रीसचा असतो, टिकाऊपणा धातूचा आणि लाइन वळवणाऱ्या बारीक रोलरचा असतो, आणि गुंता बहुतेक वेळा रिळाचा नसतोच.

आधी ते लोणी. दुकानात आपण रीळ कसं बघतो? डाव्या हातात धरायचं, हँडलला एक झटका द्यायचा आणि रोटर, म्हणजे लाइन गुंडाळणारा फिरता भाग, किती वेळ गरगरतो ते बघायचं. त्यातून एवढंच कळतं की त्याच्यावर काही ओझं नाही. आणि ओझं नसताना सगळीच रिळं शहाणी असतात. स्वस्तातल्या रिळात गिअरच्या दातांमध्ये घट्ट ग्रीस ठासून भरलेलं असतं. दात खडबडीत असले तरी ग्रीस ती खडबड झाकतं, हाताला मऊ लागतं. एखादा हंगाम गेला की ते ग्रीस दातांवरून बाजूला सरकून बॉडीच्या कडेला जाऊन बसतं. मग रीळ कुरकुरायला लागतं आणि मालक म्हणतो, "नवीन होतं तेव्हा किती छान होतं!" रीळ पहिल्यापासून असंच होतं, आवाज आत्ता बाहेर आला इतकंच.

म्हणून रीळ बघायचं ते ओझ्याखाली. घरी असेल तर रॉडला लाव, लाइनला पाण्यानं भरलेली लिटरची बाटली बांध आणि जिन्यावरून सावकाश वर ओढ. रॉडचं टोक लाइनच्या दिशेनंच ठेव, म्हणजे ओझं रॉडवर न जाता थेट रिळावर येईल. दुकानदार बाटली बांधू देणार नाही. तिथं डाव्या हाताच्या बोटांनी रोटर हलकेच अडवून धर आणि त्या दाबाविरुद्ध हँडल फिरव. आता लक्ष हातात. हँडलच्या पूर्ण फेऱ्याला एकदाच टिचकी लागत असेल तर दोष मोठ्या गिअरमध्ये. एका फेऱ्यात पाच-सहा वेळा बारीक थरथर येत असेल तर पिनियन (छोटं गिअर) किंवा रोटरमध्ये, कारण हँडल एकदा फिरतं तेव्हा रोटर पाच-सहा वेळा फिरतो. मशीन शॉपमध्ये बिघाड शोधायची हीच रीत: आवाज किती वेळा येतो ते मोज, म्हणजे तो कुठल्या भागाचा ते कळतं.

मग हँडल पुढं-मागं हलवून बघ, किती ढिलं आहे. घडी घालायच्या हँडलमध्ये आरपार षटकोनी दांडा आणि पलीकडून टोपीचा स्क्रू असतो, त्यात थोडा खेळ राहतोच. थेट गिअरमध्ये आटे पिळून बसणारं हँडल घट्ट राहतं. दोन रिळं सारखी वाटत असतील तर मी आट्यांचं उचलेन.

बेअरिंगच्या आकड्याला मात्र भुलू नकोस. डब्यावर १०+१, १२+१ असं छापलेलं असतं. त्यातला '+१' म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारा रोलर क्लच. उरलेल्या दहांपैकी कितीतरी हँडलच्या मुठीत वगैरे असतात, आणि तिथं साधं बुश असलं तरी चालतं. शिमानोचं सिएना ३+१ चं आहे आणि ते कित्येक १०+१ वाल्यांपेक्षा जास्त वर्षं नीट चाललेलं मी बघितलंय. चार चांगली बेअरिंग योग्य जागी असली की पुरतात: दोन मोठ्या गिअरला, एक पिनियनला, एक लाइन रोलरला. त्या शेवटच्याकडं परत येतो, कारण तुझ्या गुंत्याचं मूळ तिथंही असू शकतं.

आता टिकाऊपणा. रीळ आतून उघडलं की दोनच मुख्य गिअर दिसतात. हँडलचं मोठं गिअर आणि त्यावर आडवं बसलेलं तिरप्या दातांचं पिनियन. पिनियन सहसा पितळी असतं. मोठं गिअर स्वस्तात जस्ताच्या मिश्रधातूचं, साच्यात ओतलेलं असतं. आपल्या बेळगावच्या फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको, ओतीव माल आणि दाबून घडवलेला माल यांच्या जातीतच फरक. ओतिवात बारीक पोकळ्या राहतात, घडवलेल्यात धातूचा कण दाबून बसतो. शिमानो ज्याला 'हागाने' गिअर म्हणतं ते थंड धातू प्रचंड दाबानं घडवून केलेलं असतं. गंमत अशी की जपानीत हागाने म्हणजे पोलाद, आणि गिअर मात्र ड्युराल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं! नावावर जाऊ नये, खरं माल चांगला आहे. सेडोनापासून वरच्या रिळांत ते मिळतं.

गिअर कितीही चांगलं असलं तरी ते धरून ठेवणारी बॉडी लवली तर दात तिरके घासतात. कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकची बॉडी हलकी असते, खाऱ्या पाण्यात गंजत नाही, पण मोठ्या ओझ्याखाली थोडी लवते. ॲल्युमिनियमची जड, पण ताठ. चिलापी, मरळ, किलो-दोन किलोचा रोहू यांना प्लास्टिकची बॉडी सहज पुरते. दिवसभर रॉड हातात धरून फेकत राहणाऱ्याला तर शंभर ग्रॅमचा फरकही संध्याकाळी मनगटात कळतो. आठ-दहा किलोच्या कटल्यामागं लागायचं किंवा कारवारला काळी नदीच्या मुखाशी तांबोशीवर जायचं तर धातूची बॉडी. दायवाचं बीजी आणि पेनचं बॅटल ही त्या जातीची. बॅटलमधल्या ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाइन सोडणाऱ्या ब्रेकच्या, चकत्या कार्बन फायबरच्या असतात, तापल्या तरी झटके देत नाहीत. दोन्ही तुझ्या बजेटच्या पलीकडं आहेत, हे मला माहीत आहे.

ड्रॅगवरून एक. डब्यावर '१० किलो ड्रॅग' वाचून छाती फुगवू नकोस. तुझी लाइन ५ किलोची असेल तर ड्रॅग तिच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे साधारण सव्वा ते पावणेदोन किलोवर लावायचा. भंगारवाल्याकडं असतो तसला हातातला स्प्रिंगचा काटा लाइनला अडकवून ओढायचा, कितीवर सुटतंय ते बघायचं. महत्त्वाचं हे की सुटताना तो झटक्यानं सुटता कामा नये, तुपाच्या धारेसारखा सुटला पाहिजे. घरी आल्यावर ड्रॅग ढिला करून ठेव. फेल्टच्या चकत्या महिनोन् महिने दाबून राहिल्या की चेपतात.

मी स्वतः केलेला गाढवपणाही सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी पहिलं बरं रीळ घेतलं. वर्षभरानं उघडलं, साफ केलं आणि कारखान्यातलं बेअरिंगचं ग्रीस सगळीकडं हौसेनं थापलं. त्या रोलर क्लचमध्येसुद्धा. हिडकलला भल्या पहाटे गेलो, थंडी होती, कटला लागला आणि ऐन ओढीत हँडल उलटं गरगर फिरायला लागलं. बोटांवर असे फटके बसले की आठवडाभर मायक्रोमीटर धरता येईना. क्लचमधले बारीक रोलर दांड्याला पकडूनच उलटी फेर अडवतात. घट्ट ग्रीसमध्ये ते जागच्या जागी चिकटून बसतात, मग पकडणार कोण? तिथं पातळ तेलाचा एक थेंब, बस्स. ग्रीस फक्त गिअरला. लाइनचा रोलर, बेलचे (लाइन धरणाऱ्या तारेच्या कडीचे) सांधे आणि मुठी यांना पातळ तेल. ड्रॅगला ड्रॅगचंच ग्रीस. गंज सोडवायचा फवारा तर ड्रॅगवर कधीच मारू नकोस.

कारवारहून आल्यावर त्याच रात्री ड्रॅग घट्ट आवळ, म्हणजे पाणी चकत्यांत शिरणार नाही, आणि गोड्या पाण्याची हलकी धार सोड. बादलीत बुडवायचं नाही, गाड्या धुवायच्या जोरदार पाइपनंही नाही. जोराची धार मीठ आत ढकलते. पुसून वाळलं की ड्रॅग सोड. आपल्याकडं मिठापेक्षा जास्त रिळं मारते ती तांबडी माती. जांबोटीच्या रस्त्यानं मोटरसायकलवर रॉड उघडाच बांधून गेलास की रोलरमध्ये आणि बेलच्या सांध्यात धूळ, त्यावर पावसात मलप्रभेचं गढूळ पाणी. त्याची जी पेस्ट होते ती आम्ही कारखान्यात लॅपिंगला, म्हणजे धातू घासून गुळगुळीत करायला, वापरायचो तसली असते. जुना पायमोजा रिळावर चढव. दिसतो वाईट, काम करतो.

आता गुंता. इथं जरा रेंगाळतो, कारण पैसे न घालवता सुटणारं दुखणं हेच.

लहानपणी मलप्रभेच्या घाटावर म्हातारी माणसं काचेच्या बाटलीला तंगूस (नायलॉनची लाइन) गुंडाळून यायची. एका हातानं शिसं आणि गळ गरगर फिरवून सोडायचं, दुसऱ्या हातात बाटलीचं तोंड पाण्याकडं. तंगूस बाटलीच्या तोंडावरून सरसर सुटत जायचं, बाटली जागची हलायची नाही. स्पिनिंग रीळ म्हणजे हेच. स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली रिळाची कांडी, स्थिर; लाइन तिच्या तोंडावरून सुटणार. १९०५ साली इंग्लंडमधल्या इलिंगवर्थ नावाच्या गृहस्थानं अशा रिळाचं पेटंट घेतलं, आणि तो होता लोकरी कापडाच्या गिरणीचा मालक. वडगाव-शहापूरच्या कुठल्याही विणकराला विचार, धोट्यातल्या कांडीचं सूत टोकावरून सुटतं तेव्हा कांडी फिरत नाही, आणि सुटणाऱ्या प्रत्येक वेढ्याला सुताला एक पीळ बसतो. रिळाचंही तसंच आहे. फेकताना बसलेला पीळ गुंडाळताना रोटर उलटा काढून टाकतो, म्हणून एरवी हिशेब जुळतो. गुंता होतो तो हा हिशेब आपण बिघडवतो म्हणून.

सगळ्यात मोठा बिघाड असा: मासा पळतोय, ड्रॅग किर्र करतोय आणि आपण जोशात हँडल फिरवतोय. लाइन आत येत नाही, रोटर मात्र फिरतोय. गिअर ५:१ चं असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला लाइनला पाच पीळ. वीस वेळा फिरवलंस की शंभर. मासा हाती लागतो, आपण खुशीत असतो, आणि पुढच्या दोन-चार फेकींत सैल पडल्याबरोबर लाइन स्वतःभोवती गुंडाळून बसते. दोष मग रिळाला. ड्रॅग वाजत असेल तेव्हा हँडल सोड. रॉड वर घे, मग रॉड खाली नेता नेता गुंडाळ.

दुसरं, बेल बंद करायची सवय. फेकल्यावर हँडल फिरवलं की बेल खटकन बंद होते, सगळेच तसं करतात. त्या क्षणी लाइन सैल असते आणि पहिला वेढा स्पूलवर ढिला बसतो. तोच पुढच्या फेकीत दहा वेढे ओढून घेऊन बाहेर येतो. बेल हातानं बंद कर, लाइन बोटांनी ओढून ताठ कर, मग हँडल. एवढ्या एका सवयीनं तुझा अर्धा त्रास कमी होईल.

मरळीसाठी बेडकाचं आमिष नाचवताना हा प्रकार वाढतो, कारण तिथं लाइन मुद्दाम सैल सोडावी लागते. ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाइन हलकी आणि मऊ, सैल वेढा लगेच धरून ठेवते. मधूनमधून स्पूलकडं बघत जा. एखादं कडं वर डोकावत असेल तर हँडल फिरवू नकोस, ओढूही नकोस. बेल उघड आणि ते कडं सुटेपर्यंत लाइन हातानं काढ. ओढलीस की गाठ, आणि ब्रेडेडची गाठ म्हणजे कात्रीच.

तिसरं, लाइन भरणं. स्पूल काठोकाठ भरायचं नाही. कडेपासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडायची. कमी भरलंस तर फेक जवळ पडते, पण गुंत्यापेक्षा ते परवडलं. भरताना ओल्या फडक्यात लाइन चिमटीत धरून ताणानं भर. ब्रेडेड थेट गुळगुळीत स्पूलवर बांधलीस तर अख्खा गुंडाळा स्पूलवर घसरत राहतो आणि वाटतं ड्रॅग खराब झालाय. असली 'ड्रॅग गेलेली' रिळं माझ्याकडं बरीच येतात. खाली आधी थोडं तंगूस भर, त्यावर ब्रेडेड. पेनच्या काही स्पूलवर त्यासाठी रबराचा पट्टाच असतो, तिथं तंगूस लागत नाही. आणि २५०० मापाच्या लहान स्पूलवर ०.४० मिलिमीटरचं जाड तंगूस भरू नकोस. ते तारेसारखं उसळून बाहेर येतं. ०.२५ ते ०.३० पुरे. उन्हात वर्षभर राहिलेलं तंगूस काढून टाक, त्याला स्पूलचा आकार लागलेला असतो. गरगर फिरणारा चमचा आमिष म्हणून लावत असशील तर मध्ये स्विव्हल (पीळ अडवणारी फिरती कडी) हवाच.

पीळ बसलेली लाइन टाकून द्यायची गरज नाही. घटप्रभेचा कालवा सुटलेला असेल तेव्हा पुलावर उभा राहा, टोकाचा गळ, शिसं सगळं काढ आणि वाहत्या पाण्यात पन्नास-साठ मीटर लाइन सोडून दे. दोन-तीन मिनिटांत ती आपली आपण उलगडते. मग चिमटीत धरून गुंडाळ.

रिळाचा खरा दोष मी दोनच ठिकाणी मानतो. एक, लाइन स्पूलवर समान न बसणं. पुढच्या कडेशी ढीग होत असेल तर फेकताना वेढे एकदम सुटतात. स्पूल काढ, खाली दांड्यावर पातळ वॉशर असतात. एक वाढवलास की स्पूल वर उचललं जातं आणि लाइन मागं बसायला लागते. मागं ढीग होत असेल तर एक काढ. काही डब्यांत जादा वॉशर दिलेले असतात, लोक पुडी न उघडताच फेकतात. दुसरा दोष रोलरचा. बेलच्या टोकाशी असलेला तो बारीक रोलर फिरत नसेल तर लाइन त्याच्यावर घासते, पीळ खाते, ब्रेडेडला केस फुटतात.

मग घ्यायचं काय? सिएनासारखं साधं, नावाजलेल्या कंपनीचं २५०० किंवा ३००० रीळ घे. वेग ५:१ च्या आसपासचा. ६.२:१ चं जलद असतं, पण ओझ्याखाली हँडल जड जातं. उरलेल्या पैशात चांगली लाइन, स्विव्हल आणि मिळालंच तर एक सुटं स्पूल. एकावर तंगूस, दुसऱ्यावर ब्रेडेड. सेडोना बजेटमध्ये बसत असेल तर डोळे झाकून तेच. आकड्यांची तुलना कंपनीच्या बाहेर करू नकोस. एकाचं ४००० दुसऱ्याच्या ४००० पेक्षा हाताला चांगलंच मोठं लागतं. कारवारसाठी आत्ता काही घेऊ नकोस, वर्षातून दोन-तीन फेऱ्यांना हेच ने आणि धुऊन आण. समुद्राची ओढ खरंच लागली तर धातूच्या बॉडीचं, सील असलेलं घे. आणि हिडकलला काठावरच्या मच्छीमारांना विचारून बस. मासेमारीचा ठेका कुणाचा आहे ते त्यांना ठाऊक असतं.

खरं त्याआधी तुझं आत्ताचं रीळ. शिवणाच्या दोऱ्याचा वीतभर तुकडा घे, रोलरवरून टाकून दोन्ही हातांनी पुढं-मागं ओढ. रोलर फिरला तर ठीक, वर सांगितलेल्या सवयी बघ. दोरा नुसताच घसरला तर रोलर अडकलाय. एकच स्क्रू आहे, खोल, पुस, पातळ तेलाचा थेंब टाक, बसव. खोलताना भाग ज्या क्रमानं निघतील त्याचा मोबाइलवर फोटो काढत जा आणि खाली पांढरं फडकं पसर. त्यातलं एक बारीक वॉशर मोहरीएवढं असतं. माझी दोन अजून खोलीतच कुठंतरी आहेत, बायको झाडताना शोधत असते.